पाषाणचं प्लॅटिनम, चिंचवडचा कारखाना

२६ सप्टेंबर २०१९ला दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी एका यंत्राचं अनावरण केलं. मिथेनॉल किंवा बायोमिथेनवर चालणारा, ५ किलोवॉटचा फ्युएल सेल. रसायन पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं (एनसीएल) आणि तिच्या कराईकुडी व दिल्लीतल्या भावंड संस्थांचं, उद्योगाकडून भागीदार थरमॅक्स. चिंचवड एमआयडीसीत जुना कारखाना असलेली, बॉयलर बनवणारी ही कंपनी प्लॅटिनमच्या नादाला का लागली असेल?

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळ न करता एकत्र येतात आणि वीज देतात. हे घडायला प्लॅटिनम लागतं, ऑक्सिजनच्या बाजूला तर जरा जास्तच, कारण ती अभिक्रिया मुळातच मंद. धातूचा गोळा ठेवून भागत नाही. त्याचे ३ नॅनोमीटरचे कण कार्बनवर बसवले, की १ ग्रॅमला सुमारे ९० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे मोशीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. पण मिथेनॉलपासून काढलेल्या हायड्रोजनमध्ये थोडा कार्बन मोनॉक्साइड येतोच, आणि ८० अंशांना तो या कणांना चिकटून बसतो. १६० अंशांच्या आसपास त्याची पकड सुटते. म्हणून फॉस्फरिक आम्ल मुरवलेला पीबीआय नावाचा पडदा वापरून घट (सेल) तापवायचा. मग उष्णता भरपूर उरते, आणि उरलेल्या उष्णतेवर थंडावा तयार करणं हा तर थरमॅक्सचा जुनाच धंदा.

एनसीएलमध्ये श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटाचं काम याच कणांभोवती फिरत आलं. कार्बनच्या पोकळ तंतूंना आतून-बाहेरून प्लॅटिनम कसं लावायचं, नायट्रोजन मिसळलेल्या ग्राफीनवर कमी प्लॅटिनममध्ये कसं भागवायचं, लोखंडाने ते काम होईल का. शोधनिबंधांत हे सुंदर दिसतं. प्रयोगशाळेतला इलेक्ट्रोड मात्र नखाएवढा असतो, आणि गाडीला शेकडो लागतात, तेही सगळे सारखे. माझ्या मते अडचण रसायनात कमी आणि या सारखेपणात जास्त होती.

ती सोडवायला २०१६मध्ये पुण्यातली केपीआयटी ही कंपनी आली. १० ऑक्टोबर २०२० रोजी पुण्यात चाललेल्या चाचणी-मोटारीची घोषणा झाली. १० किलोवॉटचा घट, ३५० बार दाबाच्या टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन, अपेक्षित पल्ला सुमारे अडीचशे किलोमीटर. पडदा आणि इलेक्ट्रोड सरकारी प्रयोगशाळांचे. केपीआयटीचं योगदान वेगळ्या जातीचं होतं. धातूच्या अतिशय पातळ पत्र्यांच्या प्लेटा वापरून स्टॅकचं (घटांच्या चळतीचं) वजन जवळपास दोन-तृतीयांशाने उतरवलं. म्हणजे शेवटी गाडं अडलं होतं पत्रा, डाय आणि गॅस्केटवर. भोसरी-चाकणच्या माणसाला हे ऐकून हसू आलं तर नवल नाही.

मोटारीत हायड्रोजन मागे पडला, हे मान्य करायला हवं. ज्या महिन्यात विज्ञान भवनात अनावरण झालं, त्याच महिन्यात बजाजच्या चाकण कारखान्यात विजेवरच्या चेतकचं उत्पादन सुरू झालं होतं. पुढे महिंद्राच्या विजेवरच्या नव्या गाड्याही चाकणमधूनच निघाल्या. बॅटरी सरस ठरली ती स्वस्ताई आणि घरच्या प्लगमुळे. जड वाहनांचं गणित मात्र वेगळं आहे. २१ ऑगस्ट २०२२ला पुण्यात केपीआयटी आणि एनसीएलची मातृसंस्था सीएसआयआर यांची हायड्रोजनवरची बस आली. जुलै २०२३मध्ये टाटा मोटर्सने पुण्याच्या संशोधन केंद्रात हायड्रोजन इंजिनाच्या चाचणीची आणि इंधन साठवणीची सोय केली आणि सप्टेंबरमध्ये १५ फ्युएल सेल बसपैकी पहिल्या दोन इंडियन ऑइलला दिल्या.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे १९,७४४ कोटी रुपये जानेवारी २०२३मध्ये मंजूर झाले. त्या पैशातून पाण्यापासून हायड्रोजन काढणारे इलेक्ट्रोलायझर लागतील, आणि त्यांच्याही पोटात प्लेटा, गॅस्केट आणि नॅनोकणांचे थरच असतात. इंजिनाच्या सुट्या भागांची ऑर्डर आटेल म्हणून धास्तावलेल्या भोसरीच्या टूलरूमवाल्यांनी एकदा पाषाणला जाऊन यावं. रसायन कळलं नाही तरी चालेल, तिथे प्लेटचं ड्रॉइंग मागावं.