रात्री दहाचं जेवण, मध्यरात्रीची जळजळ

जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहिलेल्यांना सकाळी सहाच्या सुमाराचा मोरीतला तो आवाज चांगला ओळखीचा असतो. कुणीतरी घशात बोटं घालून ‘पित्त काढत’ असतं. दोन-तीन उमाळे कोरडेच जातात, मग हिरवट-पिवळं, कडूजहर पाणी पडतं. तोंड धुऊन माणूस बाहेर येतो आणि समाधानानं सांगतो, “पडलं एकदाचं. आता डोकं उतरेल.” त्यावर आल्याचा कडक चहा, तोही रिकाम्या पोटी.

पडलं ते पित्तच, यात शंका नाही. पण त्रास त्यानं दिलेला नसतो. यकृतात तयार होणारा हा रस लहान आतड्यात उतरतो. पोट रिकामं असताना जोर लावून ओकारी काढली, की तो आतड्यातून उलटा जठरात येतो आणि तिथून तोंडात. धडधाकट माणसानं सकाळी हाच उद्योग केला तरी त्यालाही तेच पिवळं पाणी दिसेल. डोकं उतरतं, तेही खरं. पण तो बहुतेक वेळा अर्धशिशीचा प्रकार असतो. मायग्रेनमध्ये डोकेदुखीबरोबर मळमळ येते आणि उलटी झाली की पुष्कळांना उतार पडतो. ‘पित्तानं डोकं दुखतं’ म्हणून वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाणाऱ्यांपैकी अनेकांना खरी गरज मायग्रेनच्या उपचाराची असते. रोज बोटं घालण्यानं मिळतं ते एवढंच, की जठरातलं आम्ल दातांवरून जातं आणि दातांचं वरचं कवच झिजतं. अंगावर गांधी उठतात त्यालाही आपण पित्तच म्हणतो. त्याचाही जठरातल्या आम्लाशी संबंध नाही.

छातीत, उरोस्थीच्या मागे होणारी जळजळ, घशाशी येणारं आंबट पाणी, वाकलं की तोंडात येणारा घास हा मामला वेगळा. आयुर्वेदानं तो फार पूर्वीच टिपला होता. ‘माधवनिदाना’त अम्लपित्ताचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात वरच्या दिशेनं जाणारं अम्लपित्त निराळं सांगितलं आहे. वरची दिशा, हाच इथला खरा मुद्दा. आम्ल जठरात असायलाच हवं. ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे हे लंडनच्या विल्यम प्राऊट यांनी 1823 मध्ये दाखवलं. अन्नाबरोबर आलेले जंतू ते मारतं, प्रथिनांचं पचन सुरू करतं. जठराच्या आतून चिकट स्रावाचा जाड थर असतो, म्हणून आपलंच आम्ल आपल्याला भाजत नाही. अन्ननलिकेला असं संरक्षण जवळपास नसतं.

जठर आणि अन्ननलिका यांच्या सीमेवर तीन-चार सेंटिमीटर लांबीचं स्नायूंचं कडं असतं. बाहेरून श्वासपटलाचे स्नायू त्याला आवळून धरतात. घास गिळला की ते उघडतं, घास गेला की मिटतं. शिवाय अधूनमधून, काही गिळलेलं नसतानाही, ते दहा-वीस सेकंद सैल पडतं. ढेकर येते ती अशीच. हे सगळ्यांना होतं. पण जठराचा वरचा भाग जितका ताणला जाईल तितकं हे सैल पडणं वाढतं, आणि मग हवेबरोबर आम्लही वर चढतं. काहींच्या बाबतीत जठराचा थोडा भाग श्वासपटलाच्या भोकातून छातीत सरकलेला असतो. ‘हायटस हर्निया’ म्हणतात तो हाच. अशा वेळी बाहेरून मिळणारा आधारही जातो. “मला आम्लच फार होतं,” असं जवळपास प्रत्येक रुग्ण सांगतो. बहुतेकांचं आम्ल इतरांइतकंच असतं. दार सैल असतं.

2001 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी यातलं एक कोडं सोडवलं. जेवल्यावर अन्नामुळे जठरातली आम्लता कमी होते, मग जळजळ नेमकी जेवणानंतरच का? त्यांना दिसलं, की नव्यानं पाझरलेलं आम्ल अन्नात न मिसळता वरच्या वर, अगदी त्या कड्याच्या तोंडाशी साठून राहतं. तुडुंब जेवून सोफ्यावर लवंडलं की तेच आधी वर येतं. अल्जिनेट असलेली पातळ औषधं इथे कामाला येतात. तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणारा हा पदार्थ जठरात फुगून तरंगता थर धरतो आणि त्या साठ्यावर झाकण घालतो. म्हणून ही औषधं जेवणाआधी नाही, जेवण झाल्यावर घ्यायची.

आता रात्रीकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं. दिवसा आम्ल वर आलं तरी उभ्या शरीरात ते खाली उतरतं, आणि आपण सतत गिळत असलेली लाळ उरलंसुरलं धुऊन काढते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही क्वचित. आडव्या शरीरात आम्ल तासन् तास अन्ननलिकेत पडून राहतं. पहाटेचा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज, काहींचा वाढलेला दमा, यामागे हे असू शकतं.

म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत, असं सगळे डॉक्टर सांगतात. पण सीएसएमटीहून साडेआठची लोकल पकडून बदलापूरला उतरणाऱ्या माणसाला “लवकर जेवत जा” सांगणं ही थट्टा आहे. तो घरी पोचतो दहाला, पान वाढलं जातं सव्वादहाला, साडेपाचला पुन्हा उठायचं म्हणून अकराला अंथरुणात. त्याला जमण्यासारखं एकच आहे: जेवणाची उलटापालट. संध्याकाळी ऑफिसातून निघण्याआधी पोळीभाजीचा दुसरा डबा खाऊन घ्यायचा. वडापाव-चहा नाही, डबा. आणि घरी गेल्यावर मुगाची खिचडी किंवा भाकरी-भाजी, तीही अर्धपोटी. घरच्यांना हे पटवणं औषध घेण्यापेक्षा अवघड असतं. दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या पानात नुसती खिचडी वाढायची, हे आपल्याकडे कुणाच्याच जिवाला बरं वाटत नाही.

पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालून ती बाजू सहा ते आठ इंच उंच करावी. दोन-तीन उशा घेऊन हे साधत नाही. त्यानं शरीर कमरेत दुमडतं आणि पोट उलट दाबलं जातं. उतार खांद्यापासून नाही, कमरेपासून हवा. डाव्या कुशीवर झोपलं की जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं. उजव्या कुशीवर बरोबर उलटं. जेवणानंतर वामकुक्षी करणारे आजोबा कुशीच्या बाबतीत बरोबर होते. मटणाच्या जेवणावर लगेच आडवं होण्याच्या बाबतीत नव्हते.

पथ्याच्या याद्या घरोघरी असतात आणि बहुतेक गरजेपेक्षा लांब असतात. तिखटाला सर्वात जास्त शिव्या पडतात, पण मिसळीत तिखटाइतकंच काम वरची तर्री करते. तेलकट-तुपकट खाल्लं की जठर उशिरा रिकामं होतं आणि ते कडंही ढिलं पडतं. तिखट मुख्यतः आधीच सोललेल्या अन्ननलिकेला झोंबतं. उपासाला साबुदाणा उगीच बदनाम होतो. दुपारपर्यंत नुसत्या चहावर काढायचं आणि मग तूप, दाण्याचं कूट, तळलेले पापड, बटाट्याचा कीस असं एकदम भरायचं, ही एकादशी नि दुप्पट खाशी जळजळीला आमंत्रण देते. चहा, कॉफी, चॉकलेट, पेपरमिंट काहींना त्रास देतात, काहींना नाही. सोलकढीनं कुणाला बरं वाटत असेल तर त्यानं ती खुशाल प्यावी. ज्याचं त्यानं महिनाभर नोंदून पाहावं आणि जे खरंच बाधतं तेवढंच सोडावं. तंबाखूला मात्र ही सूट नाही. सिगरेट, गुटखा, मशेरी, कोणत्याही रूपात निकोटिन कड्याचा ताण कमी करतं. दारूचंही तेच.

थंड दूध घोटभर आराम देतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळानं आणखी आम्ल पाझरायला लावतात. सोडा किंवा इनो घेतल्यावर येणारी दणदणीत ढेकर म्हणजे आम्ल आणि क्षार यांतून सुटलेला कार्बन डायऑक्साइड; ‘गॅस मोकळा झाला’ असं वाटतं तो गॅस त्या ग्लासातूनच आलेला असतो. कधीमधी ठीक. पण अशा पाच ग्रॅमच्या पुडीत पाऊण ग्रॅमहून जास्त सोडियम असतं, आणि दिवसभराचं सोडियम दोन ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या रुग्णानं रोज रात्री पुडी फोडणं म्हणजे मीठ सोडून मीठच पिणं.

सुटलेलं पोट हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा घटक. पोटातली चरबी जठराला खालून दाबते. घट्ट आवळलेला पट्टा, परकराची करकचून बांधलेली नाडी, भातलावणीत न्याहारीनंतर लगेच ओणवं होणं, सगळ्यांत दाबाचाच खेळ आहे. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत जळजळ होते ती या दाबानं आणि संप्रेरकांनी सैल पडलेल्या स्नायूंमुळे. बाळंतपणानंतर ती बहुधा आपोआप जाते. इतरांनी चार-पाच किलो वजन उतरवलं तरी फरक कळतो.

सगळीच जळजळ मात्र अ‍ॅसिडिटीची नसते. छातीत दडपण, चालताना किंवा जिना चढताना वाढणारं दुखणं, दरदरून घाम, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, यांतलं काही असेल तर इनो पिऊन वाट पाहत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा आणि ईसीजी काढायचा. मधुमेही माणसांना आणि बायकांना हृदयविकाराचा झटका नुसती मळमळ, पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं किंवा धाप या रूपातही येतो. जन्मभर अ‍ॅसिडिटी असलेल्या माणसालाच हा धोका जास्त, कारण घरातला प्रत्येक जण म्हणतो, “नेहमीचंच आहे.” घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शी, रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काहीही असलं तर दुर्बिणीची तपासणी हवी. वर्षानुवर्षं आम्ल लागून काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलतं. त्याला बॅरेट्स इसोफॅगस म्हणतात. त्यातून क्वचित कर्करोग होतो.

राहता राहिली गोळी. 1976 मध्ये बाजारात आलेलं सिमेटिडिन आणि 1988 मधलं ओमेप्राझोल, या दोन औषधांनी अल्सरच्या शस्त्रक्रिया जवळजवळ संपवल्या. सिमेटिडिनमागच्या कामाचा वाटा असलेलं नोबेल जेम्स ब्लॅक यांना 1988 मध्येच मिळालं. आपल्या घराघरांत वर्षानुवर्षं असलेलं रॅनिटिडिन एनडीएमए या घातक द्रव्याच्या अंशामुळे 2020 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढलं गेलं; भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते 2022 मध्ये वगळलं. आता राज्य आहे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल या ‘प्राझोल’ कुळाचं. औषधं चांगली आहेत. घेण्याची पद्धत बिघडलेली आहे.

जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात आणि हे औषध फक्त चालू पंपांना कायमचं बंद करतं. पंप चालू होतात जेवणानं. रक्तातलं औषध तर तासाभरातच निम्म्यावर येतं. म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. सहाला गोळी, सव्वासहाला चहा आणि पोहे थेट दहाला, असं केलं तर औषध येऊन गेलेलं असतं आणि पंप नंतर उठतात. जळजळ झाल्यावर घेतलेली गोळीही लगेच उपयोगी पडत नाही. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. नावामागे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असलेल्या गोळीत सोबत डॉम्पेरिडोन असतं. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपच्या औषध नियंत्रकांनी 2014 मध्ये त्याचा डोस आणि मुदत दोन्हींवर मर्यादा घातल्या. आपल्याकडे तीच गोळी दुकानात नाव सांगून पट्टीवर पट्टी मिळते.

साध्या जळजळीला ‘प्राझोल’ गोळी चार ते आठ आठवडे पुरते. नंतर बंद केली की पुन्हा भडका उडतो आणि माणूस म्हणतो, “बघा, मला ही जन्मभर लागणार.” 2009 मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी कधीच नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे हे औषध देऊन थांबवलं. त्यांतल्या 44 टक्के लोकांना पुढच्या काही आठवड्यांत जळजळ, आंबट पाणी असे त्रास झाले. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. दाबून ठेवलेल्या पेशी काही काळ जास्तीचं आम्ल काढतात, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून डॉक्टरांशी बोलून डोस आधी निम्मा, मग एक दिवसाआड, आणि मधल्या दिवशी जेवणानंतर अल्जिनेट, असं उतरत जावं. वर्षानुवर्षं गोळी चालू असेल तर बी-12 आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं; शाकाहारी घरात बी-12 आधीच कमी असतं. ज्यांच्या अन्ननलिकेला मोठी जखम किंवा बॅरेट्स आहे, अल्सरमधून कधी रक्त गेलं आहे, किंवा जे अ‍ॅस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारं दुसरं औषध घेतात, त्यांनी मात्र हा लेख वाचून गोळी बंद करू नये. त्यांच्यासाठी तीच संरक्षण आहे.