आधी कामाचे तास, मग ध्यानवर्ग

लोअर परळच्या काचेच्या इमारतींत 10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन हौसेने साजरा होतो. ध्यानवर्ग, व्याख्यान, एचआरचा मेल. पण रात्री अकराला टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सकाळपर्यंत पाठव’ पडायचं काही थांबत नाही. दुखणं कामाच्या रचनेत आणि मलम मात्र कर्मचाऱ्याच्या कपाळाला, असा हा प्रकार.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी यावरचा उपाय फार पूर्वी सांगितला होता. 1884 मध्ये त्यांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम आणि वेळेवर पगार, या त्यातल्या मुख्य मागण्या. साप्ताहिक सुट्टी गिरणीमालकांनी 10 जून 1890 रोजी मान्य केली. या यादीत मनाचं नाव नाही; पण मन थाऱ्यावर राहायला जे लागतं ते बरंचसं तिच्यात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांचाही भर कामाची पद्धत बदलण्यावर आणि वरिष्ठांच्या प्रशिक्षणावर आहे. नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी अंदाजे 1,200 कोटी कामाचे दिवस बुडतात. म्हणजे हा निव्वळ दयेचा नाही, हिशेबाचाही मामला आहे.

मग करायचं काय? कल्याण-विरारहून लोकलला लोंबकळत दादर गाठणाऱ्याला अर्धा तास मागेपुढे यायची मुभा द्यावी. त्यासाठी हाफ डे लावू नये. कामाची वेळ संपल्यावरचे मेसेज दुसऱ्या दिवसावर सोडावेत. टीम लीडरला ‘जरा खंबीर हो’ म्हणण्याऐवजी ‘यातलं कुठलं काम बाजूला ठेवू या?’ हे विचारायला शिकवावं. समुपदेशकाशी झालेलं बोलणं अप्रेझलपर्यंत पोहोचणार नाही, याची लेखी हमी द्यावी. नाहीतर त्या दाराकडे कुणी फिरकणार नाही.

मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच निकषांवर विमा मिळावा, असं 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. कंपनीने मेडिक्लेम घेताना ओपीडीचा खर्चही त्यात बसतो का, ते तपासावं.

गिरगावातल्या चार माणसांच्या दुकानात एचआर कुठून येणार? तिथे शेठनीच 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक भिंतीवर लावावा. त्यावर मराठीतही बोलता येतं. परळच्या केईएमच्या मानसोपचार ओपीडीत जायचं असेल, तर त्या सकाळचा पगार कापू नये.

हे जमलं की नाही, हे पोस्टरवरून कळत नाही. रजेच्या अर्जावरून कळतं. डोक्याला विश्रांती हवी असताना पोटदुखीचं कारण लिहावं लागत असेल, तर मालकाचं काम अजून बाकी आहे.