निवड तुमची, तयारी दोन्हींची

२८ डिसेंबर २०१८ रोजी नेटफ्लिक्सवर ‘ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच’ आला. नायकानं न्याहारीला कोणतं सीरियल खायचं, हा त्यातला प्रेक्षकाला विचारलेला पहिला प्रश्न. उत्तराला १० सेकंद. गप्प बसलात तर सिनेमाच एक पर्याय उचलायचा. काहीही निवडलं, तरी पुढचं दृश्य लगेच सुरू व्हायचं. लोडिंगचं चाक फिरत बसायचं नाही.

साध्या व्हिडिओत पुढचा तुकडा ठरलेला असतो, म्हणून तो आगाऊ मागवता येतो. फाटे फुटणाऱ्या कथेत तो शेवटच्या क्षणी ठरतो. शिवाय १० ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले, तर १,०२४ वाटा होतात. प्रत्येक वाटेची वेगळी फिल्म कोण साठवणार? पण प्रत्येक निवडीनंतर फाटे पुन्हा एकत्र आणले, तर पर्यायांचे २० तुकडेच पुरतात. १९६७ मध्ये माँट्रियलच्या ‘एक्स्पो ६७’मध्ये चेक दिग्दर्शक रादुझ चिंचेरा यांच्या ‘किनोऑटोमाट’नं हेच केलं होतं. प्रेक्षक बटण दाबून मत देत. दोन प्रोजेक्टर एकाच वेळी चालत आणि हरलेल्या पर्यायाच्या भिंगावर झाकण पडे.

आज पर्याय तयार ठेवण्याचं हे काम कॅशे करतो, म्हणजे प्रेक्षकाजवळ ठेवलेला साठा. नेटफ्लिक्सचे अनेक ‘ओपन कनेक्ट’ सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांतच बसवलेले असतात आणि वर्दळ कमी असताना भरले जातात. अशा साठ्यात जागा अपुरी असेल, तर फाट्यांच्या व्हिडिओसाठी हिशेब सरळ आहे. सुरुवात सगळेच पाहतात, ती पूर्ण जवळ ठेवायची. क्वचित कुणी पोहोचतं त्या शेवटाचे फक्त पहिले काही सेकंद जवळ ठेवायचे. ते चालू असताना उरलेला भाग दूरच्या सर्व्हरवरून येतो.

शेवटचा टप्पा तुमच्या टीव्हीत किंवा फोनमध्ये. तुम्ही विचार करत असताना दोन्ही फाट्यांची सुरुवात उतरवून ठेवता येते. सेकंदाला ५ मेगाबिट धरले, तर १० सेकंदांचा तुकडा सुमारे ६ मेगाबाइटचा. दोन्ही मिळून १२, त्यातले ६ वाया. पर्याय तीन केले, तर १२ वाया. बहुतेकांचा कल आधी कळला, तर तो फाटा जास्त आणि दुसरा जेमतेम उतरवून ही नासाडी कमी करता येते.

म्हणजे कथेला किती फाटे फोडायचे आणि ते कुठे जुळवायचे, हे ठरवताना पटकथाकाराला सर्व्हरवाल्यांशीही बोलावं लागतं.