ना उस्ताद, ना घराणे! यावलीचा माणिक खंजिरीवादक कसा झाला?

गुरुकुंज मोझरी म्हटले की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि त्यांच्या हातातली खंजिरी आठवते. पण हे वादन, हे गायन ते शिकले कुठे? त्यांची सुरुवातीची वाटचाल समजून घेऊया.

शिक्षण कसे झाले?

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. घरची गरिबी, शाळा प्राथमिक वर्गांपुढे गेली नाही. वरखेडला आडकोजी महाराजांचा सहवास लाभला आणि भजनाची गोडी पक्की झाली. भजन गाऊन मिळालेल्या भाकरीच्या तुकड्यांवर गुजराण, म्हणून ‘तुकड्या’ हे नाव पडले, असे सांगितले जाते. १९२१ मध्ये गुरू गेले, तेव्हा माणिक जेमतेम बारा वर्षांचा होता. पुढे रामटेक, सालबर्डी, रामदिघीच्या रानात भटकंती झाली. १९२५ मध्ये, सोळाव्या वर्षी, ‘आनंदामृत’ लिहून झाले.

खंजिरीच का?

लाकडी कडे, एका बाजूने ताणून बसवलेले चामडे आणि कड्यात खोचलेल्या धातूच्या चकत्या, एवढाच तिचा संसार. एका हातात धरायची, दुसऱ्याने वाजवायची. चामड्यावर ठेका, चकत्यांचा छनछनाट आणि गळा मोकळा! पेटी-तबल्यासारखा साथीदार लागत नाही, ओझे होत नाही. दमट हवेत चामडे सैल पडले, तर जरा शेकले की पुन्हा ताणले जाते. पायी गावोगाव फिरणाऱ्या गायकाला याहून सोयीचे वाद्य कोणते?

गर्दी कशी जमली?

शब्द स्वतःचे, चाल सोपी, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा. ध्रुवपद समोरच्यांनी लगेच उचलावे, असे. त्यामुळे श्रोता नुसता ऐकत बसत नसे, गाऊ लागे. १९३५ मध्ये सालबर्डीला महायज्ञ झाला, मोठा जनसमुदाय लोटला. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधीजींचा सहवास घडला.

धोका कुठे होता?

जे भजन गर्दी जमवते, ते सरकारलाही खुपते. स्वातंत्र्याच्या चळवळीत या भजनांनी गावे जागी केली. ऑगस्ट १९४२ मध्ये चंद्रपूरला अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहावे लागले. खंजिरी थांबली नाही. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेपर्यंत ती पोहोचली.

आज काय उरले?

वऱ्हाडात आजही गावोगावी खंजिरी भजन मंडळे आहेत. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज तर एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवत व्यसन, अंधश्रद्धा आणि हुंड्यावर बोलतात. महागडे वाद्य वा नामांकित शिक्षक नसला, तरी गावच्या भजनात मागे बसून ठेका धरणाऱ्या मुलाची तालीम तिथेच सुरू होते.