मसाई माराला निघण्यापूर्वी...

● हंगाम : सेरेंगेटीतून येणारे विल्डबीस्टचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात. मार्च ते मे तिथला मोठा पाऊस. त्यामुळे मुलांच्या मेच्या सुट्टीपेक्षा गणपतीची सुट्टी बरी.

● लस : यलो फीवरची लस किमान १० दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका २०१६ पासून आयुष्यभर चालते. ती नसेल, तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकते. साठी ओलांडलेल्या आजी-आजोबांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मलेरियाच्या गोळ्यांचेही तेव्हाच विचारून घ्यावे.

● परवानगी : जानेवारी २०२४ पासून केनियात व्हिसाऐवजी ऑनलाइन ई-टीए लागतो, तान्ह्या बाळाचाही वेगळा.

● सामान : केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यांतूनच न्यावेत. मारा उंचावर असल्याने पहाटेच्या उघड्या गाडीत चांगलेच गारठायला होते. स्वेटर, कानटोपी हवीच. नैरोबीहून छोट्या विमानाने जायचे, तर सामान माणशी साधारण १५ किलो आणि बॅगा मऊ.

● विमानतळ : मुंबई-नैरोबी थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचते. कल्याण-डोंबिवलीकरांनी शिळफाट्याच्या कोंडीसाठी हाताशी जादा वेळ ठेवावा.

● आधी घरच्या खाडीत : केनियातल्या नाकुरू-बोगोरिया तलावांवर दिसणाऱ्या जातीचे छोटे रोहित (फ्लेमिंगो) ठाणे खाडीतही येतात. ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे. दुर्बीण वापरायचा सराव मुलांना हिवाळ्यात ऐरोलीच्या बोटफेरीत द्यावा.

लस आधी, तिकीट नंतर!