ईसॉप : कागदावरचा आकडा आणि हातातला पैसा

पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या आणि पुढे बंगळुरूत वाढलेल्या इन्फोसिसने १९९४मध्ये कर्मचाऱ्यांसाठी शेअर योजना आणली. फ्लिपकार्टच्या कर्मचाऱ्यांनाही ईसॉपमधून मोठी रक्कम मिळाली. या कहाण्या खऱ्या आहेत, पण त्यामागचा हिशेब नव्या मुलांना कोणी समजावून सांगत नाही.

ईसॉप म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा तो हक्क, म्हणजेच ऑप्शन. कायद्यानुसार पहिलं वर्ष तो वापरता येत नाही. पुढे बहुतेक ठिकाणी चार वर्षांत तो टप्प्याटप्प्याने पदरात पडतो.

समजा, ४०० ऑप्शन आहेत. ठरलेला भाव १० रुपये, आजचं मूल्यांकन ५१०. शेअर घ्यायला ४,००० रुपये लागतील. पण फरकाचे २ लाख पगारात धरले जातात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर ६० हजारांहून जास्त कर. कंपनी शेअर बाजारात नसेल तर विकायला गिऱ्हाईक नाही, कर मात्र खिशातून. काही पात्र स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो, तरी नोकरी सोडली की भरावाच लागतो. विक्रीच्या वेळी नफा झाला तर भांडवली नफ्यावरचा कर वेगळा.

राजीनाम्यानंतर हक्क वापरायला अनेकदा ९० दिवसच मिळतात. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी ही मुदत, ठरलेला भाव आणि कंपनीचे एकूण शेअर किती, हे एचआरकडून लेखी मागून घ्या.