टोपडें घातलेली टपालपेटी

इंग्लंडांत जाणाऱ्या प्रवाशानें काय काय पाहावें याच्या याद्या पुष्कळ प्रसिद्ध आहेत. त्यांत राजवाडे आहेत, किल्ले आहेत, मोठमोठीं पदार्थसंग्रहालयें आहेत. परंतु ज्या वस्तूनें मला भर रस्त्यांत दोन मिनिटें खिळवून ठेविलें ती अशा कोणत्याहि यादींत मला आढळली नव्हती. यॉर्कशायर परगण्यांतील एका लहानशा बाजारगांवीं मी घरीं पाठवावयाचें पत्र टाकण्यास निघालों होतों. कोपऱ्यावर टपालाची तांबडी पेटी उभी होती, आणि तिच्या डोक्यावर लोकरीचें टोपडें होतें! आपल्याकडे तान्ह्या मुलास घालतात तसेंच तें कांठापर्यंत घट्ट बसविलेलें होतें. त्याच्यावर हिरवें गवत, गवतांत पांच मेंढ्या, एक कुत्रा व काठी टेकून उभा असलेला म्हातारा मेंढपाळ, असा सारा देखावा लोकरीनें विणलेला होता. ही पेटी बंद तर झाली नसेल, अशी शंका येऊन मी पत्र हातांतच धरून राहिलों. इतक्यांत बाजाराची पिशवी घेतलेल्या एक वृद्ध बाई शेजारून गेल्या व जातां जातां म्हणाल्या, "टाका हो, टाका. टोपी घातली तरी तोंड उघडेंच आहे तिचें!"

हा प्रकार तेथें आतां इतका रूढ झाला आहे कीं, त्यास 'पोस्टबॉक्स टॉपर' असें स्वतंत्र नांव पडलें आहे. नाताळांत पेट्यांवर बर्फाचीं माणसें बसतात, ईस्टरच्या सुमारास कोंबडीचीं पिवळीं पिलें येतात, आणि नोव्हेंबरांत युद्धांत पडलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ पॉपीचीं तांबडीं फुलें दिसूं लागतात. इ. स. २०२० च्या साथींत या पेट्यांवर इंद्रधनुष्यें व परिचारिका आल्या. २०२२ च्या जून महिन्यांत एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाचा सत्तर वर्षांचा उत्सव झाला, तेव्हां मुगुट घातलेली लोकरीची राणी आणि तिचीं आखूड पायांचीं कुत्रीं गांवोगांव पेट्यांवर विराजमान झालीं होतीं.

परत आल्यावर मीं काढलेलें छायाचित्र माझ्या पत्नीस दाखविलें. विणकामांतलें मला कळतें तें इतकेंच कीं, लहानपणीं आईनें विणलेला माझा स्वेटर दर वर्षीं आखूड होत असे. पत्नीनें मात्र छायाचित्र डोळ्यांजवळ नेऊन तत्काळ सांगितलें, "हें दोन सुयांचें काम नव्हे, क्रोशाचें आहे, आणि हें करणें अवघड नाहीं." तिनें मला जें समजाविलें तें आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं भूमितीच्या तासास अवश्य आठवावें. क्रोशाची वाटोळी चकती करावयाची असल्यास मध्यें सहा टांके घालतात. पुढच्या फेरींत बारा, तिच्या पुढच्या फेरींत अठरा, याप्रमाणें दर फेरीस सहा टांके वाढवीत गेलें कीं चकती सपाट राहते. सहाच कां? वर्तुळाची त्रिज्या एकानें वाढली म्हणजे परीघ सुमारें सव्वासहांनीं वाढतो, आणि साधा टांका जवळ जवळ जितका रुंद तितकाच उंच असतो. म्हणून सहा टांक्यांत हिशेब भागतो. वाढविणें थांबविलें कीं चकतीची कड खालीं वळते आणि टोपी होते. सहांपेक्षां फार अधिक वाढविले तर कडेला चुण्या पडून झालर तयार होते. ज्या बाईनें तें गवत केलें असेल तिनें पायथागोरस वाचला असेल कीं नाहीं कोण जाणे. पण वर्तुळाचें मर्म तिच्या बोटांस ठाऊक होतें, यांत संशय नाहीं. मेंढ्या व मेंढपाळ निराळे विणून, आंत कापूस भरून, मागाहून शिवून टाकतात. टोपी वाऱ्यानें उडूं नये म्हणून खालच्या कडेंत ताणणारी फीत ओंवलेली असते.

इंग्लंडांतली ही पेटी जणूं टोपी घालण्याकरितांच घडविली आहे. ती बिडाची, बहुधा वाटोळ्या खांबासारखी व जवळ जवळ पुरुषभर उंच असते. माथा किंचित् फुगीर आणि त्याची कड बाहेर आलेली. अशा पेट्या उभारण्याची सूचना ॲन्थनी ट्रोलोप या टपालखात्यांतील अधिकाऱ्यानें केली. पुढें हाच गृहस्थ कादंबरीकार म्हणून नांवारूपास आला. पहिल्या पेट्या १८५२ सालीं जर्सी बेटांत व इंग्लंडच्या भूमीवरील पहिली पेटी १८५३ सालीं कार्लाइल शहरांत उभी राहिली. कांहीं काळ पेट्यांना हिरवा रंग देत. पण तो झाडाझुडपांत इतका मिसळून जाई कीं लोकांस पेटी सांपडेना! म्हणून १८७४ पासून त्या तांबड्या रंगविण्यास आरंभ झाला व तें काम पुरें होण्यास दहा वर्षें लागलीं. आपल्या गांवच्या टपालपेटीचा तांबडा रंगहि याच परंपरेंतला. आज त्या राज्यांत एक लाख पंधरा हजारांवर टपालपेट्या आहेत, व ज्याच्या अमदानींत पेटी बसविली त्या राजाचीं आद्याक्षरें तिच्या पोटावर असतात. चार्लस राजाचीं अक्षरें असलेली पहिली पेटी २०२४ सालीं केंब्रिजशायर परगण्यांत बसली. टपाल वाहणाऱ्या कंपनीचें या टोप्यांविषयीं म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, पत्र टाकण्याचें तोंड व टपाल काढण्याच्या वेळांची पाटी झांकूं नका, म्हणजे झालें.

पेटीच्याहि आधीं हा छंद दुसऱ्या वस्तूंवर बसला होता. त्याचा आरंभ बहुधा अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं २००५ सालीं झाल्याचें सांगतात. मॅग्डा सायेग नांवाच्या बाईनें आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीस लोकरीचें वेष्टन विणून घातलें. येणारे जाणारे थांबून पाहूं लागले. मग तिनें व तिच्या सोबतिणींनीं रस्त्यांतील खांबांसहि तसेंच वेष्टन घातलें. या उद्योगास 'यार्न बॉम्बिंग' असें नांव पडलें. भिंतींवर रात्रीं चोरून रंग फांसणाऱ्यांच्या भाषेंतून तें आलेलें आहे. लोकरीच्या गुंड्यास बॉम्ब म्हणणें मला तरी रुचत नाहीं, आणि २००९ सालीं लंडनमध्यें पार्लमेंटासमोरील चौकांतली टेलिफोनची अख्खी खोली विणून झांकणाऱ्या मंडळींसहि तें रुचलें नसावें. त्यांनीं 'यार्नस्टॉर्मिंग', म्हणजे लोकरीचें वादळ, हा शब्द काढला.

सॉल्टबर्न येथील हकीकत मोठी गमतीची आहे. हें ईशान्य किनाऱ्यावरचें गांव. तेथें १८६९ सालीं बांधलेला, समुद्रांत लांबवर गेलेला धक्का आहे. २०१२ सालीं लंडनला ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. त्या वर्षीं एके दिवशीं सकाळीं लोक पाहतात तों धक्क्याच्या कठड्यावर पन्नास यार्ड लांबीचा गळपट्टा! त्यावर पोहणारे, धांवणारे, वजन उचलणारे असे लोकरीचे खेळाडू ओळीनें उभे होते. रात्रींतून हें कोणीं केलें तें गांवास कळलें नाहीं, आणि करणाऱ्यानेंहि नांव सांगितलें नाहीं. पुढेंहि तेथें अशीं कामें प्रगट होत राहिलीं. लेस्टरशायरांतील सिस्टन गांवच्या अज्ञात विणकराला लोकांनीं 'निटिंग बँक्सी' हें नांव दिलें आहे. बँक्सी हा भिंतींवर गुपचूप चित्रें काढणारा ब्रिस्टलचा चित्रकार. त्याच्या नांवावरची ही कोटी होय.

त्या देशांत विणकाम हा पूर्वीं करमणुकीचा विषय नव्हता, तो पोटाचा विषय होता. १५७१ सालीं तेथें असा एक कायदा होता कीं, थोरामोठ्यांखेरीज सहा वर्षांवरील प्रत्येकानें रविवारीं व सणाच्या दिवशीं देशांतच विणलेली लोकरीची टोपी घातली पाहिजे, नाहींतर दंड! टोप्या करणाऱ्यांचा धंदा बुडूं नये हा त्यांतला हेतु. डोंगरांतलें डेन्ट हें खेडें तर मोजे विणण्याबद्दल प्रसिद्ध होतें. तेथील बायका, पुरुष व मुलें गुरें राखतांना, बाजारास चालत जातांना विणीत असत. कमरेच्या पट्ट्यांत खोंवलेल्या लांकडी नळींत एक सुई अडकविली म्हणजे एक हात मोकळा राही. दिवा व सरपण यांचा खर्च वांचावा म्हणून रात्रीं सारे एकाच घरीं जमत. लोक त्यांस 'टेरिबल', म्हणजे भयंकर, विणकर म्हणत. आपण 'भयंकर हुशार' म्हणतों त्याच अर्थानें तो शब्द आहे. परंतु रॉबर्ट सदे या कवीच्या 'द डॉक्टर' या ग्रंथांत दोन लहान बहिणींची हकीकत आहे, ती वाचली म्हणजे तो शब्द दुसऱ्याहि अर्थानें खरा वाटूं लागतो. त्यांना विणकाम शिकण्यास डेन्टला पाठविलें होतें. सकाळपासून रात्रींपर्यंत विणणें, विणणें आणि विणणें! अखेर त्या पोरी पळून, भर हिवाळ्यांत डोंगर ओलांडीत, पायींच आपल्या आईकडे परत गेल्या.

हातांची ही मजुरी यंत्रानें हिरावून घेतली. नॉटिंगहॅमशायरांतील विल्यम ली यानें १५८९ सालीं मोजे विणण्याचें यंत्र काढलें. पहिल्या एलिझाबेथ राणीनें त्यास सनद दिली नाहीं. गरिबांचा घांस जाईल असें तिला वाटलें, असें सांगतात. तरी यंत्र पसरलेंच. पुढें १८११ पासून त्याच भागांतील कारागिरांनीं मजुरी व माल दोन्ही उतरल्यामुळें रागानें मागच्या माग फोडले, आणि सरकारनें १८१२ सालीं त्या गुन्ह्यास फांशीची शिक्षा ठरविली. बायरन कवीनें लॉर्डांच्या सभेंत आपलें पहिलें भाषण केलें तें या कायद्याविरुद्ध होतें. त्यानंतर हातच्या विणीस बाजारांत भाव उरला नाहीं. ती घरांत, आजीच्या खुर्चीपाशीं जाऊन बसली. नातवांचे मोजे विकतच्याहून महाग पडतात हें ठाऊक असूनहि आजी विणीत राहिली. आज रस्त्यावर जें दिसतें तें तिचेंच काम आहे, आणि तें मोजे किंवा टोपी होण्याच्या बंधनांतून सुटलेलें आहे. ज्या म्हाताऱ्या माणसांकडे रस्त्यांत कोणी वळून पाहत नाहीं त्यांच्या हातचें काम पाहण्यास सारा रस्ता थांबतो, हें पाहून मला मौज वाटली त्याहून अधिक बरें वाटलें.

या कामाला नेहमीं हांसण्याचाच विषय लागतो असें नाहीं. ९ ऑगस्ट २०१४ रोजीं, नागासाकीच्या स्मरणदिनीं, अण्वस्त्रें करणाऱ्या ऑल्डरमास्टन व बर्गफील्ड या दोन कारखान्यांच्या दरम्यान सात मैल लांबीचा गुलाबी गळपट्टा लोकांनीं हातोहात धरला होता. तो तुकड्यातुकड्यांनीं ठिकठिकाणीं विणलेला होता, आणि पुढें त्याच्या घोंगड्या करून गरजूंस देण्याचें योजिलें होतें.

दोष नाहींत असें मात्र नव्हे. त्याच २०१४ सालच्या जुलैंत फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकलशर्यत यॉर्कशायरांतून सुरू व्हावयाची होती. त्या प्रीत्यर्थ मॅशम या गांवीं लोकांनीं चिमुकले सदरे विणून त्यांच्या पताका दिव्यांच्या खांबांना बांधल्या. परगण्याच्या मंडळानें त्या उतरविण्यास लावलें. कारण, पाऊस पडला तर भिजलेल्या लोकरीच्या वजनानें जुने खांब कोसळतील! पुष्कळ लोक हंसले. परंतु शास्त्रदृष्ट्या भीति अगदींच पोकळ नव्हती. लोकर आपल्या वजनाच्या जवळ जवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा आंत शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाहीं. आणि विणीच्या फांशांमध्यें पाणी सांचतें तें वेगळेंच. म्हणून बाहेरच्या कामास बहुतेक बाया खरी लोकर वापरीत नाहींत. त्या ॲक्रिलिक नांवाचा कृत्रिम धागा घेतात. तो स्वस्त असतो, उन्हांत रंग टिकवितो, आणि माझ्या स्वेटराप्रमाणें धुतल्यावर आटत नाहीं. परंतु तो प्लॅस्टिकचाच भाऊ आहे. कुजत नाहीं, व त्याचे बारीक तंतु झडून गटारांतून नदींत जातात. झाडास घातलेलें वेष्टन वर्षानुवर्षें तसेंच ठेवलें तर वाढणाऱ्या खोडास तें कांचतें. सणाचे दिवस संपतांच काम काढून नेणारे लोक मला शहाणे वाटले. कामें चोरीसहि जातात, कधीं कोणी कातरीनें कापतो, कधीं आगहि लावतो. तरी कांहीं दिवसांनीं त्याच पेटीवर दुसरी टोपी येते.

आठव्या इयत्तेंतील मुलींस शिवणाच्या तासापूर्वीं मीं हें सर्व सांगितलें आणि छायाचित्र फिरविलें. शाळेच्या फाटकाजवळच्या टपालपेटीसहि अशी टोपी करावी, असा ठराव तेथल्या तेथें पास झाला. रंग कोणता घ्यावा यावर वाद माजला असतां मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, पण आपल्या पावसांत ती किती जड होईल?" मीं फळ्यावर त्रैराशिक मांडलें. कोरडी टोपी दोनशें ग्रॅम धरली, लोकरीनें शोषलेला ओलावा सत्तर ग्रॅम धरला, आणि फांशांत सांचलेल्या पाण्याशीं येऊन अडलों. तें मोजल्यावांचून कळण्यासारखें नाहीं. तेव्हां विज्ञानाच्या खोलींतील तराजू मागवून घेतला आहे, आणि टोपी सध्यां नवव्या फेरीपर्यंत, म्हणजे चोपन्न टांक्यांपर्यंत, आली आहे.